बालआरोग्यमेळाव्यांची भाषा : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

(१)

बालकांच्या आरोग्यासाठी भरविले जाणारे सार्वजनिक मेळावे आता खेड्यापाड्यांतील व लहान शहरांतील लोकांच्या चांगल्याच परिचयाचे झाले आहेत. मंडप, वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, पाहुण्यांचे भाषण, घोषणा, बक्षीससमारंभ आणि शेवटी खाऊवाटप असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. या मेळाव्यांचा मूळ हेतू मुलांची उपासमार व रोगराई थांबविण्याचा होता. अलीकडे त्यात दुसऱ्या हेतूची भर पडली आहे. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानाच्या अंगाने दरवर्षी सप्टेंबरात पोषण माह पाळला जातो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालेल्या माहात तेल व साखर यांचा वापर कमी करून लठ्ठपणास आळा घालणे, हा विषय अग्रस्थानी होता. म्हणजे जो मंडप अन्न कमी पडलेल्या मुलांसाठी उभारला जात असे, त्याच मंडपात आता अन्न अधिक झालेल्या मुलांविषयीही बोलावे लागते.

ही अडचण केवळ व्यवस्थेची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३६.१ मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली, तर शेकडा ४.१ मुले अधिक वजनाची आढळली. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे दुसरे प्रमाण १.९ होते. कमी वजनाचे प्रमाण जवळजवळ तेथेच राहिले आणि अधिक वजनाचे दुपटीहून वाढले. याचा अर्थ असा की एका रोगाची जागा दुसऱ्याने घेतलेली नाही. दोन्ही एकाच गावात, प्रसंगी एकाच घरात, शेजारी शेजारी बसले आहेत. ध्वनिक्षेपकावरून उच्चारलेले ‘कमी खा’ हे वाक्य दोघांच्याही कानी पडते. ज्याचे दंड काडीसारखे आहेत त्या मुलालाही ते ऐकू येते, आणि ज्याला शाळेत टोपणनाव पडले आहे त्यालाही.

अशा मेळाव्यांचे मूल्यमापन सामान्यतः वैद्यकाच्या व प्रशासनाच्या दृष्टीने होते. परंतु मेळावा हा बहुतांशी भाषिक व्यवहार आहे. निमंत्रणपत्रिका, फलक, घोषणा, भाषण व दुसऱ्या दिवशीचा वृत्तांत मिळून त्याची एक संहिता तयार होते. त्या संहितेची चिकित्सा करणे हे भाषाभ्यासकाचे काम होय. प्रस्तुत विवेचनासाठी वर्धा जिल्हा निवडण्याचे कारण एवढेच की मुलांचे आरोग्य आणि सामुदायिक कार्य यांचा संबंध कसा जोडावा, याविषयी या जिल्ह्यात गेली नव्वद वर्षे प्रयोग झालेले आहेत. त्यामुळे तेथे प्रचलित संहितेच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी दुसरी संहिताही उपलब्ध आहे.

(२)

मुलाच्या शरीराविषयी बोलण्याची मराठीची शब्दसंपत्ती टंचाईच्या अनुभवातून घडलेली आहे. ‘बाळसे धरणे’ हा वाक्प्रचार इतका मंगल मानला जातो की तो मुलापुरता न राहता संस्थेला, उद्योगाला, नव्या नियतकालिकालाही लावला जातो. ‘गुटगुटीत’ या शब्दाचा नादच कौतुकाचा आहे. ‘अंगाने भरणे’ म्हणजे प्रकृती सुधारणे. ‘खात्यापित्या घरचे’ म्हणजे सुखवस्तू. याच्या उलट रोडावणे, सुकणे, वाळणे, खंगणे या सर्व क्रियापदांत चिंता आहे. वऱ्हाडी बोलणाऱ्या आजीच्या तोंडचे ‘लेकरू वाळलं’ हे दोन शब्दांचे वाक्य घरभर काळजी पसरविण्यास पुरेसे असते. ज्या समाजाने दुष्काळ, पटकी व बालमृत्यू पाहिले, त्या समाजाच्या भाषेत शरीरावरील मांस ही ठेव मानली जावी, हे स्वाभाविकच आहे.

प्रश्न उद्भवतो तो या शब्दांच्या वयोमर्यादेमुळे. दोन वर्षांच्या मुलाला जे ‘गुटगुटीत’ म्हणून गौरविले जाते, तेच मूल दहाव्या वर्षी ‘जाड्या’ किंवा ‘ढब्बू’ होते. कौतुक आणि टवाळी यांच्यामध्ये, दोष न देता स्थिती सांगणारा एकही रूढ शब्द नाही. ‘लठ्ठ’ हा शब्द पगाराला लावला की हेवा वाटतो, माणसाला लावला की हसू येते. दोन्ही ठिकाणी तो तटस्थ नसतो. ही निंदा नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश यांचे विवेचन आले आहे, त्याचे नावच ‘अष्टौनिन्दितीय’ आहे. म्हणजे रोगलक्षणांच्या वर्णनाआधी लोकनिंदेचा उल्लेख येतो. तथापि चरकाने दोघांनाही एकाच यादीत घातले व दोघांच्याही चिकित्सेचा विचार केला, हे विसरून चालणार नाही. आजच्या मेळाव्यात हा समतोल क्वचितच दिसतो.

शासकीय व वैद्यकीय लेखनाने ही उणीव ‘स्थूलता’ या शब्दाने भरून काढली आहे. शब्द शास्त्रीय आहे, सभ्यही आहे. परंतु तो श्रोत्यापर्यंत पोहोचतो काय? कीर्तन-प्रवचन ऐकणाऱ्या श्रोत्याला ‘स्थूल देह’ म्हणजे सूक्ष्म देहाहून वेगळा असा सर्वांनाच असलेला देह वाटतो. आणि ‘स्थूलमानाने’ म्हणजे ढोबळपणे. त्यामुळे ‘बालकांमधील स्थूलता : कारणे व उपाय’ या फलकाचा अर्थ ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांनाच तो कळतो. इतरांना भाषणात त्याचा उलगडा करताना वक्ता नाइलाजाने पुन्हा ‘लठ्ठ’ या शब्दाकडे वळतो. आणि समोर बसलेल्या मुलांच्या माना एका विशिष्ट मुलाकडे वळतात. शरीरावरून केलेल्या टवाळीने मूल हलके होत नाही. उलट ते मैदानापासून दूर जाते, लपून खाते आणि पुढच्या तपासणीस गैरहजर राहते, हे बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अनेकवार नोंदविले आहे. शब्दाची निवड हा येथे केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही.

वस्तुतः मराठीत योग्य शब्द उपलब्ध आहेत. त्यांचा अर्थ मात्र आकुंचित झाला आहे. ‘कुपोषण’ हा त्यांपैकी पहिला. ‘कु’ या उपसर्गाचा अर्थ ‘कमी’ नसून ‘वाईट’ असा आहे. कमी पोषण हे जसे कुपोषण, तसेच विषम व अतिरिक्त पोषण हेही कुपोषणच. जागतिक आरोग्य संघटनाही या संज्ञेत दोहोंचा अंतर्भाव करते. पण गेल्या काही दशकांत मेळघाटासारख्या प्रदेशांतील बालमृत्यूंच्या बातम्या आणि अंगणवाडीतील ‘सॅम’ व ‘मॅम’ ही वर्गवारी यांमुळे ‘कुपोषित’ म्हणताच हाडे दिसणारे मूलच डोळ्यांपुढे येते. हा अर्थसंकोच दूर झाला तर दोन्ही मुलांना एकाच वाक्यात, कोणासही न हिणवता, सामावून घेता येईल.

दुसरी जोडी ‘सकस’ व ‘निकस’ ही होय. वर्धा जिल्ह्यातील कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यास जमिनीचा कस समजावून सांगावा लागत नाही. पोट भरते पण कस नाही, हे वाक्य तो आपल्या अनुभवावरून समजून घेतो. ‘निकस’ हे विशेषण पदार्थाला लागते, मुलाला लागत नाही. दोष कोठे ठेवावयाचा हे शब्दच ठरवितो. याच शेतकऱ्याच्या बोलीत खत अधिक झाल्याने नुसतीच फोफावणाऱ्या, पण बोंडे न धरणाऱ्या पऱ्हाटीचे वर्णनही आहे: ती ‘माजते’. उपमा शास्त्रदृष्ट्या चपखल आहे, पण मुलाला लावण्यास सर्वस्वी अयोग्य. कारण ‘माज’ या शब्दात उन्मत्तपणाचा आरोप आहे. लोकभाषेतून शब्द घेताना असा विवेक ठेवावा लागतो. बोलीतला शब्द जवळचा आहे एवढ्याने तो निरुपद्रवी ठरत नाही.

(३)

शब्दांनंतर कार्यक्रमाच्या घाटाचा विचार करावयास हवा. बालआरोग्यमेळाव्यात महाराष्ट्रात सर्वाधिक लोकप्रिय ठरलेला प्रकार म्हणजे ‘सुदृढ बालक स्पर्धा’. तिची परंपरा इंग्रजी राजवटीतील शिशुसप्ताहांपर्यंत मागे नेता येते. १९२४ साली लेडी रीडिंग यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानात राष्ट्रीय शिशुसप्ताह साजरा झाला. प्रदर्शने, व्याख्याने व बालकांच्या स्पर्धा हे अशा सप्ताहांचे अंग होते. बालमृत्यूचे प्रमाण भयंकर असलेल्या त्या काळात, जगलेले व वाढलेले मूल मंचावर आणून दाखविणे याला अर्थ होता. पुढे नगरपालिका, महिला मंडळे व गणेशोत्सव मंडळे यांनी हा घाट उचलला आणि परिस्थिती बदलल्यावरही तो तसाच चालू ठेवला.

स्पर्धेचे व्याकरण ‘सर्वांत’ या शब्दावर उभे असते. तिला तुलना व क्रम हवा असतो. आरोग्य मात्र क्रमाची कल्पना मानीत नाही. एक मूल दुसऱ्याहून अधिक उंच असेल. अधिक निरोगी आहे असे म्हणण्यास आधार कोणता? परीक्षकाचा डोळा हाच जेथे आधार असतो तेथे गाल, दंड व मांड्या यांनाच गुण मिळतात. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र शासनाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी योजिलेल्या ‘स्वस्थ बालक-बालिका स्पर्धे’त डोळ्याऐवजी वजन-उंचीच्या मोजमापाचा आधार घेण्यात आला. हा बदल स्वागतार्ह होय. कुपोषित मुलांकडून निरोगी मुलांकडे लक्ष वळविण्याचा तिचा उद्देशही समजण्यासारखा आहे. परंतु ‘स्पर्धा’ हे नाव कायम राहिले, आणि नावाबरोबर विजेता व पराभूत ही कल्पनाही.

डोळ्यावर विसंबणे किती फसवे आहे याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातच मिळालेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व नवजात बालकांचा अभ्यास सुरू केला. या बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बालकांहून बरेच कमी होते. पण स्नायू व अवयव लहान असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. ‘कृश परंतु मेदयुक्त’ असे हे बालक. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक व डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३, पण मेदाचे प्रमाण एकाच्या शरीरात शेकडा ९.१, तर दुसऱ्याच्या २१.२, आणि अधिक मेद होता तो भारतीय वैद्याच्या शरीरात. ज्या निर्देशांकाचे गणित केतले या बेल्जियन गणितज्ञाने १८३२ साली मांडले आणि ज्याला आजचे नाव १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी दिले, तो मुळात लोकसमूहाच्या वर्णनासाठी होता, हे येथे ध्यानात घ्यावे. मुलांच्या बाबतीत तर तो वय व लिंग यांच्या तक्त्याशिवाय निरर्थक असतो. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र आलेख प्रसिद्ध केले, व त्यांतील अधिक वजन आणि लठ्ठपणा यांच्या रेषा प्रौढांच्या २३ व २७ या अंकांशी जुळविल्या.

तेव्हा मंचावरून मुलाचे वजन जाहीर करणे हे क्रूर तर आहेच, पण अशास्त्रीयही आहे. जो अंक तक्त्याविना बोलत नाही तो ध्वनिक्षेपकावरून बोलू लागतो, आणि भलतेच बोलतो. अंगाने बारीक मुलाला तो निर्धास्त करतो व बांधेसूद मुलाला लाजवितो.

(४)

मेळाव्याच्या वृत्तांताची भाषा हा तिसरा विषय. अशा वृत्तांतांतील नमुन्याची वाक्ये पुढीलप्रमाणे असतात: ‘बालकांची आरोग्य तपासणी करण्यात आली. पालकांना मार्गदर्शन करण्यात आले. विजेत्यांना गौरविण्यात आले. कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.’ या वाक्यांत कर्ता कोठेही नाही. तपासणी कोणी केली, मार्गदर्शन कोणी कोणाला काय केले, हे वाक्यरचनेनेच झाकले जाते. मूल आहे, पण ते षष्ठीत आहे: ‘बालकांची’. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, तो या गद्यात एकदाही काही करीत नाही. ना धावत, ना शिजवीत, ना विचारीत.

ही रचना प्रशासनाच्या सोयीची आहे, कारण ‘करण्यात आले’ म्हटले की काम पुरे झाल्याची नोंद होते. पण तिच्यामुळे कार्यक्रमाची कल्पनाही तशीच घडते. वृत्तांतात ज्या क्रिया लिहिता येतात त्याच क्रिया आयोजित केल्या जातात. तपासणी, मार्गदर्शन, वाटप, सत्कार या नामांचा मेळावा भरतो. खेळणे, चालणे, पेरणे, रांधणे ही क्रियापदे मंडपाबाहेर राहतात.

दुसरीकडे घोषणांत कर्ता असतो, पण तो चुकीचा असतो. ‘तळलेले टाळा’, ‘गोड कमी खा’, ‘मैदानावर खेळा’ ही आज्ञार्थी वाक्ये मुलाला उद्देशून असतात. परंतु तेल मूल विकत आणीत नाही. पाच रुपयांचे पाकीट शाळेच्या दारात कोणी लटकवावे हे ते ठरवीत नाही. मैदानावर इमारत उठली ती त्याच्या ठरावाने नव्हे. या बाबतीत कायद्याची भाषा अधिक प्रामाणिक ठरते. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड ठेवण्यास मनाई केली. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी अधिक चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरांत प्रतिबंध केला. या वाक्यांचा रोख शाळेवर व विक्रेत्यावर आहे. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याला कर्तेपद देणे हे नीतीचे, आणि चांगल्या व्याकरणाचेही, लक्षण होय. मेळाव्यातील घोषणा मात्र हेच कर्तेपद सर्वांत दुबळ्याच्या माथी मारते.

‘खाऊ’ या शब्दाच्या बाबतीत हा घोटाळा अधिक स्पष्ट होतो. ‘खा’ या धातूपासून बनलेला हा शब्द एखाद्या पदार्थाचे नाव नाही. तो एका नात्याचे नाव आहे. आठवडी बाजारातून परतणाऱ्या बापाने मुलासाठी पुडीत बांधून आणलेले जे काही, ते खाऊ. मुरमुरे, फुटाणे, शेव, चिक्की, काहीही. शब्द तोच राहिला आणि पुडीची जागा चकचकीत पाकिटाने घेतली. त्यामुळे ‘पाकिटातला खाऊ देऊ नका’ असे सांगणारा वक्ता पदार्थाविषयी बोलत असतो, पण ऐकणाऱ्या पालकाला तो मायेविषयी बोलतो असे वाटते. दिवसभर मजुरी करून आलेल्या आईला ती एकच वस्तू मुलाच्या हातावर ठेवता येते. हे न ओळखता केलेला उपदेश उद्धट ठरतो. शिवाय भाषण संपल्यावर मंडपाच्या दारात हजेरीबद्दल बिस्किटांचा पुडा मुलांच्या हाती पडला, तर सकाळपासूनचा सगळा युक्तिवाद त्या एका कृतीने रद्द होतो.

(५)

आता वर्धा जिल्ह्यातील दुसऱ्या संहितेकडे वळता येईल. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नयी तालीमची योजना तयार केली. पुढे सेवाग्राम येथे आशादेवी व आर्यनायकम् यांनी ती राबविली. तेथील विद्यार्थी पाळीपाळीने स्वयंपाक करीत, भाजीपाला पिकवीत, सफाई करीत, धान्याचा हिशेब ठेवीत; समतोल आहार हा त्यांच्या दृष्टीने व्याख्यानाचा विषय नव्हता, उद्याच्या जेवणाची आखणी होती. वजन करणारेही विद्यार्थीच होते. पण ते सहाध्यायाचे नव्हे, डाळ-तांदळाचे वजन करीत. २००५ पासून त्याच परिसरात ‘आनंद निकेतन’ ही शाळा नयी तालीमचा वारसा चालवीत आहे.

हा वारसा जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व मगनवाडीतून चाललेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा गूळ, घाणीचे तेल व असडीक तांदूळ यांविषयीचा आग्रह उपाशी देशासाठी होता. आज गूळ ‘नैसर्गिक’ आहे म्हणून मनसोक्त खावा असा त्याचा अर्थ लावल्यास अनर्थ होईल, कारण गूळ हीदेखील शर्कराच होय. दुसरे असे की गांधीप्रणीत आहारविचाराची भाषा संयमाची व व्रताची आहे. प्रौढाने स्वतःहून घेतलेले व्रत आणि मुलावर लादलेली मनाई यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्याच्या घरी एक वेळ चुलीवर काही नसते त्या मुलाला संयमाचा उपदेश करणे तर केवळ निष्ठुरपणाचे होय. तेव्हा या परंपरेतून घ्यावयाची ती तिची क्रियापदे. तिच्या निषेधांची आज गरज नाही.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने (स्थापना १९६९) हे कर्तेपद आरोग्यसेवेत आणण्याचे काही प्रयत्न केले. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेऊन तेथे शिबिराच्या निमित्ताने राहावे व कुटुंबांची माहिती करून घ्यावी, ही तिची प्रथा सर्वश्रुत आहे. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्रामीण आरोग्यविम्यात शेतकरी कुटुंबे सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने वर्गणी देत. तेथे आरोग्य हे ‘वाटप’ नव्हते, गावाने मोजून घातलेले धान्य होते. सामुदायिक वैद्यक विभागाने या शतकाच्या पहिल्या दशकात गावोगावी घडविलेल्या ‘किशोरी पंचायती’त मुली स्वतः एकत्र येऊन आहार, रक्तक्षय व स्वच्छता यांविषयी बोलत व इतरांपर्यंत ते पोहोचवीत. ‘पंचायत’ या शब्दाची निवड मार्मिक आहे: पंचायतीत श्रोते नसतात, सदस्य असतात.

संस्थांचा आधार नसलेला एक बालमेळावाही या जिल्ह्यात आहे, आणि त्याला कोणी आरोग्यकार्यक्रम म्हणत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर भल्यामोठ्या लाकडी नंदींसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. मुले लाकडी बैल सजवितात, ओढीत मैदानात आणतात, नंतर घरोघर फिरून बोजारा मागतात. बक्षीस येथेही असते. पण ते मुलाच्या अंगाला नव्हे, त्याच्या बैलाला, सजावटीला व वेषाला मिळते. मूल बारीक आहे की जाड, याची तेथे कोणी नोंद घेत नाही. आणि तरी त्या दिवशी ते गावभर पायी हिंडते. रचनेच्या दृष्टीने पाहिल्यास आदर्श बालमेळाव्याची सर्व अंगे येथे आढळतात: मूल कर्ता आहे, गाव प्रेक्षक नसून सहभागी आहे, गौरव कृतीचा आहे. उणीव असेल तर ती बोजाऱ्यात काय द्यावे याच्या विचाराची. आणि तो विचार करणे मोठ्यांचे काम आहे.

(६)

येथे एक आक्षेप संभवतो. भाषेने कोणी लठ्ठ होत नाही व भाषा बदलल्याने कोणी सडपातळ होत नाही; ज्वारीच्या शेतात सोयाबीन आले, भाकरीची जागा मैद्याच्या पदार्थांनी घेतली, मूल पडद्यापुढे बसले, रस्ते वाहनांनी व्यापले, ही खरी कारणे होत, असे कोणी म्हणेल. आक्षेप योग्य आहे. किंबहुना तो पुरता मान्य केल्यासच मेळाव्याची खरी मर्यादा कळते. २०२४ मध्ये अद्ययावत झालेल्या कॉक्रेनच्या पुरावा-समीक्षेचा निष्कर्ष असा आहे की पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत शारीरिक हालचाल वाढविणाऱ्या, अथवा हालचाल व आहार यांची सांगड घालणाऱ्या उपक्रमांचा शरीरभारावर अल्प परिणाम होतो. केवळ आहारविषयक उपक्रमांचा तर फारसा होत नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपक्रमांची ही कथा, तर एका दिवसाच्या मेळाव्याने वजन घटेल अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ होय.

परंतु यावरून मेळावा निरुपयोगी ठरत नाही. त्याचे काम वेगळे ठरते. गावाने कोणत्या शब्दांत या प्रश्नाविषयी बोलावे आणि तो कोणाचा प्रश्न मानावा, हे मेळावा ठरवितो. लठ्ठपणा हा त्या मुलाचा दोष आहे असे एकदा मंचावरून ठरले, की शाळेच्या दारातील दुकान, मैदानावरील अतिक्रमण व घरातील तेलाचा डबा हे तिन्ही निर्दोष सुटतात. तो गावाचा प्रश्न आहे असे ठरले, तर पुढच्या ग्रामसभेत ५० मीटरांचा नियम कोणी तरी विचारू शकतो. भाषेमुळे वजन बदलत नसेल, पण जबाबदारीचा पत्ता बदलतो; आणि कारणे दूर करावयाची झाल्यास पत्ता बरोबर असावा लागतो.

यावरून मेळाव्याच्या आयोजनासंबंधी काही निष्कर्ष सरळ निघतात. मुलांच्या शरीरांची स्पर्धा नसावी. वजन-उंची घ्यावयाची असल्यास आडोशाला घ्यावी, वय व लिंग यांच्या आलेखावर मांडावी आणि फक्त पालकांना सांगावी. कमी व अधिक या दोन्हींसाठी ‘कुपोषण’ हा एकच शब्द योजावा. ‘सकस’ व ‘निकस’ ही विशेषणे पदार्थांनाच लावावीत. आज्ञार्थी घोषणा मुलांना उद्देशून नसाव्यात. त्या दुकानदारास, शाळासमितीस, ग्रामपंचायतीस व पालकांस उद्देशून असाव्यात. मुलांना मात्र काम द्यावे. शीतपेयाच्या बाटलीवर १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅम साखर छापलेली असेल, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत ती किती होईल याचा हिशेब पाचवीतील मूल करू शकते. तेवढी, म्हणजे २५ ग्रॅम, साखर तराजूत घालून त्याने स्वतः पाहिली की भाषणाची गरज उरत नाही. ज्वारीच्या कण्या, जवसाची चटणी, तुरीच्या ओल्या शेंगा हे पदार्थ मुलांच्या तुकड्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली करावेत व वाढावेत. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची दमदार हालचाल सांगितली आहे; लगोरी, खो-खो व आट्यापाट्या यांना ती साधण्यासाठी साधने फारशी लागत नाहीत, मोकळी जागा मात्र लागते. ती जागा गावात कोठे आहे व संध्याकाळी तिचा उपयोग कोण करतो, याची पाहणी मुलांकडूनच करवून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. शेवटी, मंडपाच्या दारात जो खाऊ द्यावयाचा तो मंडपातील बोलण्याशी सुसंगत असावा.

वृत्तांतही तदनुसार बदलेल. ‘कार्यक्रम संपन्न झाला’ हे वाक्य पूर्णतेचे आहे. त्यात पुढे काही उरत नाही. वर्ध्याकडील बोलीत मात्र चालू क्रियेसाठी एक सुंदर रचना आहे: ‘लेकरू खेळून राहिलं’. प्रमाण मराठी ‘खेळत आहे’ म्हणते, पण ‘राहणे’ या सहायक क्रियापदाने बोली त्या क्रियेचे सातत्य अधिक ठळक करते. मेळाव्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा त्या गावी जाऊन या एका वाक्याची सत्यता तपासावी. मैदान मोकळे आहे काय, तेथे मुले खेळून राहिली आहेत काय, आणि त्यांत बारीक व जाड अशी दोन्ही मुले आहेत काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर मेळाव्याचे काम झाले असे समजावे. नसतील तर मंडपात किती मुलांची तपासणी ‘करण्यात आली’ या आकड्याला फारसे मोल नाही.